लाईन हातात आल्यावर: नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या नव्या टीम लीडरसाठी

शनिवारी संध्याकाळी मॅनेजर केबिनमध्ये बोलावतात आणि सांगतात, 'सोमवारपासून ही लाईन तू बघायची.' घरी पेढे जातात. सोमवारी सकाळी सातला तुम्ही त्याच शेडमध्ये, त्याच सेफ्टी शूजमध्ये उभे असता, पण आता तुमच्या नावापुढे १२ माणसं आणि एक टार्गेट लिहिलेलं असतं. मशीन आयटीआयने शिकवलं, उरलेलं सेटरने, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याने, शिकवलं. माणसं कशी सांभाळायची ते कोणी शिकवलेलं नसतं.

मी अंबडला १९ वर्षं काम करतोय. पहिली आठ सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) ऑपरेटर म्हणून, नंतर लाईन सांभाळत. आता नवी मुलं लीडर होतात तेव्हा माझ्याकडे येऊन विचारतात, 'भाऊ, सुरुवात कुठून करू?' त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय. पुढची प्रत्येक पायरी एकाच गोष्टीसाठी आहे: काही बिघडलं तर ते तुम्हाला लगेच कळलं पाहिजे. लपवलेली चूक सकाळपर्यंत दसपट होते.

हे मी कसं शिकलो ते आधी सांगतो.

आमच्याकडे बुश, म्हणजे मधोमध भोक असलेले धातूचे गोल तुकडे, बनायचे. माझ्या लाईनवर सुरगाण्याकडचा एक ट्रेनी होता, हाताने चपळ, बोलायला कमी. एका दुपारी त्याच्या मशीनवर बोअरिंगचा इन्सर्ट, म्हणजे भोक कापणाऱ्या टूलचं बदलायचं टोक, तुटला आणि मी सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडलो. दुसऱ्या आठवड्यात तो रात्रपाळीला होता. रात्री दोनच्या सुमारास पुन्हा इन्सर्ट तुटला. या वेळी त्याने सेटरला हाक मारलीच नाही. स्वतःच इन्सर्ट बदलला, अंदाजाने ऑफसेट (टूलच्या जागेचा आकडा) टाकला आणि मशीन सुरू केलं. बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा झाला. प्लग गेजचं नो-गो टोक, जे आत जायला नको, ते सरळ आत जायला लागलं. त्याच्या ते लक्षात आलं. त्याने ऑफसेट सुधारला, खराब दिसलेले पीस मशीनखाली कूलंटच्या ट्रेमागे सरकवले आणि पुढे काम चालू ठेवलं. पण मधले काही पीस चांगल्या मालात गेले होते. सकाळी क्वालिटीवाल्यांना एक सापडला. मग २१२ पीस टेबलावर ओतले आणि रविवारी आम्ही पाच जणांनी एकेक पीस गेज लावून तपासला. ४३ भंगारात गेले.

तो मुलगा टेबलाच्या टोकाला उभा होता. गेज पुसायचा, पीस उचलायचा, मान वर करायचा नाही. मला त्या दिवशी कळलं की रात्री दोन वाजता त्याला मशीनपेक्षा माझी भीती जास्त वाटली होती.

पहिला आठवडा: वही आणि दहा मिनिटं

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक माणसासाठी दोन पानं सोडा. पहिल्या आठवड्यात प्रत्येकासोबत दहा मिनिटं बसा, चहाच्या सुट्टीत किंवा पाळी संपल्यावर. केबिनमध्ये बोलावू नका, तिथे माणूस आक्रसतो. प्रश्न साधे ठेवा. राहायला कुठे? येतो कसा? कोणकोणती मशीनं येतात? कोणतं शिकायचंय? आणि शेवटचा, सगळ्यांत महत्त्वाचा: इथे रोज कशाचा त्रास होतो?

या शेवटच्या प्रश्नाला पहिल्यांदा सगळे 'काही नाही' म्हणतात. थांबा, गप्प राहा. मग एक जण सांगतो की ट्रॉलीचं चाक अडकतं, दुसरा सांगतो गेज दोन मशीनला मिळून एकच आहे, तिसरा सांगतो रात्री कँटीनचा चहा तीननंतर येतो. त्यातली एक गोष्ट, तुमच्या हातातली, त्याच आठवड्यात दुरुस्त करा. ट्रॉलीचं चाक बदलायला मेंटेनन्सला एक फोन पुरतो. पण ज्याने ते सांगितलं, त्याला समजतं की याच्याजवळ बोललं तर काहीतरी होतं. पुढच्या वेळी तो चाकापेक्षा मोठी गोष्ट सांगेल.

बाकी काही बदलू नका. मशीनची जागा, पाळीची जोडी, बसायची बाकं, सगळं आहे तसं राहू द्या. नव्या लीडरने पहिल्याच सोमवारी लाईन उलटीपालटी केली की जुनी माणसं हात बांधून बघत राहतात.

जुन्या माणसांचं वेगळं सांगायला हवं. प्रत्येक लाईनवर एक 'नाना' असतात. वयाने मोठे, आवाज ऐकून मशीनचं दुखणं ओळखणारे, आणि ज्यांच्या हाताखाली तुम्ही स्वतः शिकलेले. काल त्यांना नाना म्हणत होतात, आजही नानाच म्हणा. त्यांच्याकडे आधी जा आणि स्पष्ट बोला: 'नाना, जबाबदारी माझ्यावर दिलीय. सेटिंगमध्ये तुमचाच शब्द. पण कोणाला कुठे उभं करायचं ते मी ठरवणार, आणि माझं चुकलं तर मला बाजूला घेऊन सांगा.' त्यांचा मान आणि तुमचं काम दोन्ही एका वाक्यात ठरतं. हे बोलणं टाळलं की सहा महिने टोमण्यांत जातात.

जे काल बरोबरीने डबा खायचे, त्यांच्यासोबत आजही डबा खा. पण ओव्हरटाइम, सुट्टी आणि हलकं मशीन या तीन बाबतींत मित्राला एक घास जादा गेला तर बाकीचे ११ जण त्याच दिवशी मोजतात.

पाळीची सुरुवात आणि शेवट

सकाळी सातला मशीन सुरू करण्याआधी सगळ्यांना पाच मिनिटं उभं राहून एकत्र घ्या. खुर्च्या नकोत. चारच मुद्दे: काल काय अडलं, आज काय काढायचं, आज कोण नाही आणि त्याच्या मशीनवर कोण, आणि सुरक्षेची एक गोष्ट. तीही नेमकी. 'सुरक्षित काम करा' म्हणून कोणाच्या डोक्यात काही राहत नाही. 'धातूच्या चिप्स हाताने ओढू नका, हुक वापरा, तीन नंबरवर हुक नव्हता तो आज ठेवलाय' हे राहतं. आठवड्यातून दोनदा ही बैठक दुसऱ्या कोणाला घ्यायला लावा. पहिल्यांदा लाजतात, तिसऱ्यांदा नीट बोलतात.

पाळी बदलताना हँडओव्हर मशीनजवळ घ्या, ऑफिसच्या टेबलावर नको. जाणारा आणि येणारा दोघं समोरासमोर, मशीन चालू, शेवटचा पीस हातात, गेज लावून. टूल कधी बदललं, ऑफसेट कोणी हलवला, आवाज वेगळा येतोय का, खराब मालाच्या लाल बिनमध्ये काय आहे आणि का. दुसरी पाळी तीनला येते आणि पहिलीवाल्यांना बस पकडायची घाई असते, म्हणून मी पावणेतीनलाच लाईनवर चक्कर मारतो. रजिस्टरवर 'सर्व ठीक' एवढंच दिसलं की परत पाठवतो. काय ठीक ते लिहून येऊ दे.

काम शिकवायचं कसं

यावर जरा थांबतो, कारण बहुतेक लीडर इथेच चुकतात. आपण मशीनसमोर उभे राहतो, भराभर करून दाखवतो, विचारतो 'समजलं?' आणि मुलगा मान हलवतो. ती मान सभ्यपणाची असते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत लाखो नवे कामगार कारखान्यांत आले, त्यांना झटपट तयार करायला १९४० साली ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. युद्धानंतर ती पद्धत जपानला गेली आणि तिथल्या वाहन उद्योगाने ती घट्ट धरून ठेवली. तिच्या चार पायऱ्या आजही अंबडच्या शेडमध्ये जशाच्या तशा चालतात.

पहिली, तयारी. मुलाला सैल होऊ द्या, त्याला आधीपासून काय येतं ते विचारा. त्याला काम आरशात बघितल्यासारखं उलटं दिसेल असा समोर उभा राहू देऊ नका, तुमच्या शेजारी घ्या.

दुसरी, दाखवणं. काम तीनदा करून दाखवा. पहिल्यांदा फक्त टप्पे सांगा. दुसऱ्यांदा प्रत्येक टप्प्यातली मेख सांगा. तिसऱ्यांदा ती मेख का, ते सांगा. बुश चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, लावायचंच उदाहरण घ्या. टप्पा: जॉ (चकचे पकडणारे दात) पुसा. मेख: कापडाने आतून बाहेर पुसा, हवेने उडवू नका. का: हवेने बारीक चिप जॉच्या मागे बसते, पीस तिरका पकडला जातो आणि बोअर वाकडा येतो. हे 'का' सांगितलं नाही तर मुलगा तुम्ही समोर असेपर्यंत कापड वापरतो, पाठ फिरली की एअर गन.

तिसरी, करून घेणं. आता तो करेल आणि तोंडाने सांगेल. आधी टप्पे, मग मेख, मग कारण. तुमचा हात खिशात. चुकला तर तिथेच थांबवा, चुकीची सवय पडू देऊ नका. ज्याला मराठी किंवा हिंदीत बोलायला अवघड जातं, त्याला त्याच्या भाषेत सांगू द्या. पेठ-सुरगाण्याची मुलं आपसात कोकणा आदिवासींच्या बोलीत बोलतात. तुम्हाला शब्द कळले नाहीत तरी हात काय करतायत ते दिसतं.

चौथी, मागोवा. त्याला एकटं सोडा, पण कोणाला विचारायचं त्या माणसाचं नाव सांगून सोडा. 'काही लागलं तर सांग' हे कोणालाच सांगितल्यासारखं असतं. 'गेजबद्दल शंका आली तर नानांना विचार, ते नसतील तर मला फोन कर' हे सांगणं झालं. पहिल्या दिवशी दर तासाला बघा, मग दिवसातून दोनदा, मग एकदा.

हे सगळं एका कागदावर, टप्पा, मेख आणि कारण अशा तीन रकान्यांत लिहून काढा. स्वतःला १५ वर्षं येत असलेलं काम लिहायला बसलो तेव्हा मला दोन संध्याकाळी लागल्या. हाताला येत होतं, तोंडाला येत नव्हतं.

चूक झाली की

एकच क्रम पाळा. आधी माणूस ठीक आहे का ते बघा. मग माल वेगळा करा, लाल बिन, टॅग, वेळ. मग 'काय झालं?' विचारा. 'कोणी केलं?' हा प्रश्न त्या दिवशी विचारूच नका. उत्तर आपोआप कळतं, आणि न विचारता कळलं तर खरं कळतं.

चांगलं काम केलं तर सकाळच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, नेमकं सांगा: 'काल याने टॅग नसलेली ट्रॉली परत पाठवली म्हणून आपला अर्धा दिवस वाचला.' चुकीबद्दल बोलायचं ते बाजूला घेऊन, त्याच दिवशी, मशीनच्या आवाजापासून दूर. काय दिसलं ते सांगा, त्याचा परिणाम सांगा, पुढे काय हवं ते सांगा. 'तू असाच आहेस', 'तुला कितीदा सांगायचं' ही वाक्यं गिळा. माणूस स्वभाव वाचवायला लागला की काम सुधारणं बाजूला राहतं.

मग कारणाच्या मुळाशी जा. टोयोटा समूहाचा पाया घालणारे साकिची टोयोडा यांच्या नावाने 'पाच वेळा का' ही पद्धत ओळखली जाते. ट्रेनिंगमध्ये ती फळ्यावर शिकवतात, पण तिची खरी जागा मशीनजवळ आहे. त्या रविवारनंतर सोमवारी मी, नाना आणि तो मुलगा अशा तिघांनी ती केली. इन्सर्ट का तुटला? कच्च्या फोर्जिंगवर (ठोकून घडवलेल्या तुकड्यावर) मटेरियल जास्त होतं. का? लॉट वेगळा होता. मग फीड, म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग, कमी का नाही केला? लॉट बदललाय हे माहीत नव्हतं. का? ट्रॉलीवर टॅग नव्हता. का नव्हता? स्टोअरमधून माल ट्रॉलीत ओतताना टॅग जुन्या क्रेटवरच राहायचा.

म्हणजे पहिल्या वेळीही, मी ओरडलो तेव्हाही, चूक त्याची नव्हती. मी त्याच्याकडे बघून तसं म्हणालो, नानांच्या समोर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीतही म्हणालो, कारण ओरडलो होतो सगळ्यांसमोर. टॅग ट्रॉलीला तारेने बांधायचा आणि शेवटचा पीस निघेपर्यंत काढायचा नाही, हा नियम त्या दिवशी सुरू झाला. साधारण दोन महिन्यांनी रात्री पावणेदोनला त्याच मुलाचा घरी फोन आला. 'भाऊ, बोअरमध्ये गडबड वाटतेय, मशीन बंद केलंय.' किती पीस गेले विचारलं, तर दोन. मी अंथरुणातून उठून गेलो नाही, सेटरला पाठवलं. पण मशीन बंद केल्याबद्दल त्याला शाबासकी तिथेच फोनवर दिली. रात्री मशीन थांबवणाऱ्याला सकाळी जाब विचारायचा नाही, एवढं पथ्य पाळलं तर असे फोन येत राहतात.

सुट्ट्यांचं कॅलेंडर नाशिकचं ठेवा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवाळी-दसरा असतो. तुमच्या वहीत वेगळं कॅलेंडर हवं. इगतपुरी, त्र्यंबक, पेठकडची मुलं जुलैत भाताच्या आवणीला जाणारच. दिंडोरी-निफाडच्या घरांत द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलच्या सुमारास खरड आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी बहाराची, आणि जानेवारीपासून खुडा. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा, चैत्रात सप्तशृंगी गड, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा. या दिवशी 'तब्येत बरी नाही' असे पाच फोन सकाळी साडेसहाला घेण्यापेक्षा महिनाभर आधी विचारा: 'आवणीला कोण कधी जाणार?' खरं सांगितलं तर सुट्टी मिळते हे एकदा कळलं की खोटी आजारपणं कमी होतात. सगळ्यांना एकदम देता येत नाही, तेव्हा तारखा त्यांनाच आपसात ठरवू द्या. तुमच्यापेक्षा ते बरं ठरवतात. २०२७च्या पावसाळ्यात सिंहस्थाची मोठी स्नानं आहेत, त्या दिवसांचा रस्ता आणि पाळी यांचा विचार आतापासून वहीत घ्या.

सुट्टी देता येण्यासाठी बदली माणूस हवा. त्यासाठी एक तक्ता करा, डावीकडे नावं, वर मशीनं. प्रत्येक चौकोनात एक गोल, चार भागांचा. शिकतोय तर एक भाग भरा, कोणी सोबत असताना चालवतो तर दोन, एकटा चालवतो तर तीन, दुसऱ्याला शिकवतो तर पूर्ण. ज्या मशीनच्या रकान्यात एकच पूर्ण गोल आहे, तिथून तुमचं शिकवणं सुरू करा.

ओव्हरटाइम, ठेकेदाराची मुलं, आणि बाया

ओव्हरटाइमची यादी फळ्यावर, पाळीपाळीने. त्याला दुप्पट दर हा कायद्याने दिलेला हक्क आहे. कोणाचा कमी आला तर त्याच्यासोबत टाइम ऑफिसला तुम्ही जा. ठेकेदाराकडून आलेल्या मुलालाही हातमोजे, गॉगल आणि पाणी तेच मिळालं पाहिजे जे परमनंटला मिळतं. त्याला नावाने हाक मारा, 'ए कॉन्ट्रॅक्ट' म्हणू देऊ नका. हे ऐकलं की तिथल्या तिथे थांबवा.

असेंब्ली आणि पॅकिंगला बायका असतात. २०१३च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असावीच लागते. तुमच्या कंपनीच्या समितीत कोण आहे ते आजच विचारून ठेवा. एखादी ताई तक्रार घेऊन आली तर स्वतः न्यायनिवाडा करायला बसू नका आणि 'समजावतो त्याला' म्हणून मिटवूही नका. ऐका, समितीपर्यंत पोचवा, आणि चार माणसांत त्याची चर्चा करू नका.

वरच्यांना सांगणं

खालून बातमी लवकर यावी असं वाटत असेल तर तुमच्याकडूनही वर लवकर गेली पाहिजे. मॅनेजरने विचारलं, 'हजार निघतील ना?' तर सवयीने 'होऊन जाईल सर' तोंडातून निघतं. त्याऐवजी हिशोब घेऊन जा. सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ) ४० सेकंद म्हणजे तासाला ९०. आठ तासांच्या पाळीत जेवण, चहा, टूल बदलणं वजा जाता सात तास धरा, एका मशीनवर ६३०. दोन मशीनवर १२६०. एक मशीन दुपारपर्यंत बंद असेल तर हजाराला पोचत नाही, हे सकाळी नऊला सांगा. नऊला सांगितलं तर डिस्पॅचवाला गाडी पुढे ढकलतो. सहाला सांगितलं तर गाडी गेटवर उभी असते.

आणि सांगताना 'ऑपरेटरने घोळ घातला' असं वर कधी म्हणू नका. लाईनची चूक तुमच्या नावावर घ्या. ते शेडमध्ये अर्ध्या तासात पोचतं. कोण पोचवतं ते मला १९ वर्षांत कळलं नाही, पण पोचतं.

तुमची स्वतःची रजा

तीन-चार महिन्यांनी चार दिवसांची रजा टाका. गावी जा. त्याआधी आठवडाभर ज्याला मागे ठेवणार त्याला सोबत फिरवा: पावणेतीनची चक्कर, सकाळची बैठक, स्टोअरला फोन, मीटिंगमधला हिशोब. वही त्याच्या हातात द्या, खाजगी पानं आधी काढून घ्या. कोणी घरचं काही विश्वासाने सांगितलेलं असतं. फोन चालू ठेवा पण स्वतःहून करू नका. परत आल्यावर रजिस्टर उघडून त्या चार दिवसांत काय काय बिघडलं, कोणी आधी सांगितलं आणि किती पिसांवर थांबलं ते बघा. जिथे उशीर झाला, त्या मशीनवरच्या माणसासोबत पुन्हा दहा मिनिटं बसा.